आष्टीची विहीर आणि कोष्टकांतील रिकामीं घरें

महाराष्ट्रांत आष्टी नांवाचीं गांवें एकाहून अधिक आहेत. १८१८ सालीं बापू गोखले जेथें धारातीर्थीं पडले ती आष्टी सोलापूर जिल्ह्यांतली. १९४२ च्या चळवळींत जिचें नांव देशभर झालें ती वर्धा जिल्ह्यांतली. आणि आम्ही गेल्या वैशाखांत जिच्या स्टेशनावर उतरलों ती बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाची. नुसतें नांव ऐकून गांवाविषयीं कांहींच कळत नाहीं. परंतु जिल्हा कोणता, शेजारीं कोण, हें सांगितलें म्हणजे तेथली माती, पाणी व पीक यांचा पुष्कळसा अंदाज घरबसल्या बांधतां येतो. हें वाक्य आम्ही सहज लिहून गेलों, पण पुढें त्याचेंच प्रयोजन पडणार आहे.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींचें अहमदनगर, येथून आष्टीपर्यंत आगगाडी २०२२ च्या सप्टेंबरांत सुरू झाली. त्यापूर्वीं इकडे यावयाचें म्हणजे मोटारीचे धक्के खात यावें लागे. आतां खिडकीशीं बसून दोन्ही बाजूंचें रान डोळे भरून पाहतां येतें. पाहण्यासारखें तेथें काय आहे, असें कोणी विचारील, तर वैशाखांत खरोखरच फारसें नाहीं. नांगरून टाकलेली काळी जमीन, तिला पडलेल्या हात जाईल एवढ्या भेगा, बांधावर एखादा लिंब, आणि जागोजाग विहिरींतून उपसून काठावर टाकलेल्या काळ्या दगडांचे ढीग. कडा हें बाजाराचें गांव मागें पडलें तरी हे ढीग संपेनात. ढीग जितका मोठा तितकी विहीर खोल, आणि विहीर जितकी खोल तितकें पाणी दूर, एवढें गणित कोणासही सुटेल.

आमचे मामेभाऊ, ज्यांना लहानथोर सारे दादा म्हणतात, ते आष्टीस तीन पिढ्या राहतात. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, तेव्हांपासूनची त्यांची जमीन. चुलते, पुतणे, सुना व नातवंडें मिळून सतरा माणसें एका चुलीवर जेवतात. पाहुण्यास पाय धुवावयास पाणी द्यावयाचें, ही त्या घरची जुनी रीत. यंदा मात्र तांब्या अर्धाच भरलेला होता, आणि देणारी सून किंचित् ओशाळली, हें आमच्या नजरेंतून सुटलें नाहीं. दर तिसऱ्या दिवशीं टँकर येतो, त्यावर घर चाललेलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं दादांनीं आम्हांस मळ्यांतील विहीर दाखविली. ही त्यांच्या आजोबांनीं खणलेली. पायऱ्या उतरतां उतरतां भिंतींत पृथ्वीचा इतिहास वाचावा तशी तिची रचना दिसते. वर हातभर काळी माती, मग पिवळसर मुरूम, त्याखालीं भोंकाभोंकांचा मांजऱ्या दगड, त्या भोंकांत पांढऱ्या स्फटिकांचे पुंजके, आणि अगदीं तळाशीं अखंड काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे थरांवर थर पसरून दख्खनचें हें पठार झालें. दोन थरांच्या सांध्यांत, मुरमांत व मांजऱ्यांत पाणी सांठतें. अखंड पाषाणांत थेंबही राहत नाहीं. तळाशीं हिरवट डबकें तेवढें उरलें होतें. १९७२ च्या दुष्काळांतही हिनें दगा दिला नव्हता, असें दादांच्या मातोश्री, म्हणजे आमच्या मामी, सांगतात. आतां भोंवतालीं बोअर झाल्या, आणि हिचे झरे त्यांनीं ओढून नेले.

दादांनीं स्वतःही गेल्या वर्षीं बोअर घेतली होती. एक पाणाड्या आला, तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतांतून फिरला, एका ठिकाणीं नारळ उभा राहिला. तेथें साडेतीनशें फूट भोंक पाडलें. वर आली ती नुसती राखाडी धूळ. पाणाड्यास विचारलें तेव्हां तो म्हणाला, "आणखी पन्नास फूट जायला हवं होतं. शिवाय त्या दिवशीं घरांत सुतक होतं कीं काय, तेंही पाहिलं पाहिजे." त्या कर्जाचा हप्ता अद्यापि चालू आहे. आणि आतां दुसऱ्या बोअरचा विचार निघाला होता. शुक्रवारीं दुसरा पाणाड्या यावयाचा होता. घरांत दोन तट पडले होते. दादांचा नारळावर विश्वास, त्यांच्या चिरंजीवांचा नाहीं. मामींचें मत मात्र तिसरेंच. त्या म्हणाल्या, "नारळ खोटा नसतो रे, धरणारा असतो."

दादांची नात नुकतीच दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत होती. तिच्या खोलींत भिंतीवर मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीचा तक्ता लावलेला होता. रात्रीं ओट्यावर बसलों असतां तिनें आम्हांस विचारलें, "आजोबा, आमच्या पुस्तकांत आहे कीं मेंडेलीव्हनं जीं मूलद्रव्यं सांपडलींच नव्हतीं त्यांचे गुणधर्म आधींच सांगितले. मग त्याच्यांत आणि पाणाड्यांत फरक काय?"

प्रश्न अवघड होता, आणि दादा ऐकत होते.

आम्हीं तिला प्रथम वर्णमालेकडे वळविलें. क, ख, ग, घ, ङ. च, छ, ज, झ, ञ. असे पांच वर्ग एकाखालीं एक मांडले कीं आडव्या ओळींत उच्चाराचें स्थान एक, आणि उभ्या रांगेंत उच्चाराची तऱ्हा एक. आतां समज, या मांडणींतून 'भ' कोणी पुसून टाकला, आणि तुझ्या कानावर तो कधींच पडलेला नाहीं. तरी तूं सांगूं शकशील कीं तेथील वर्ण ओठांनीं उच्चारला जाईल, कारण त्याची ओळ प-वर्गाची. आणि घ, झ, ढ, ध यांप्रमाणें तो घोष व महाप्राण असेल, कारण त्याची रांग ती. न ऐकलेल्या वर्णाचा उच्चार केवळ त्याच्या घरावरून सांगतां येतो. तिनें डोळे मिटून ओठ हलवून पाहिले, आणि हंसली.

१८६९ सालीं रशियांत दिमित्री मेंडेलीव्ह यांनीं हेंच मूलद्रव्यांचें केलें. त्या वेळीं साठांहून थोडीं अधिक मूलद्रव्यें ठाऊक होतीं. अणुभाराच्या चढत्या क्रमानें तीं मांडीत गेलें असतां ठराविक अंतरानें तेच गुण पुन्हां येतात, जसा सप्तकानंतर पुन्हां षड्ज येतो. परंतु कांहीं ठिकाणीं हिशेब चुके. सामान्य मनुष्यानें अशा वेळीं पुढचें मूलद्रव्य मागें ओढून जागा भरली असती. मेंडेलीव्ह यांनीं जागा रिकामी ठेवली, आणि १८७१ मध्यें त्यांतल्या तीन जागांच्या मालकांचें वर्णन आंकड्यांनिशीं छापून टाकलें. त्यांस त्यांनीं संस्कृत नांवें दिलीं: बोरॉनच्या रांगेंतील तें एका-बोरॉन, ॲल्युमिनियमच्या खालचें एका-ॲल्युमिनियम, सिलिकॉनच्या खालचें एका-सिलिकॉन. हा आपलाच 'एक', म्हणजे रांगेंत एक घर पुढें. दोन घरें पुढें तें 'द्वि'. त्यांनीं संस्कृत शब्द कां निवडले याविषयीं विद्वानांत तर्क चालतात. सेंट पीटर्सबर्ग येथें त्याच सुमारास बोटलिंक व रोट यांचा थोर संस्कृत-जर्मन कोश निघत होता, आणि पाणिनीचीं सूत्रें संपादणाऱ्या या बोटलिंकांच्या सहवासाचा तो परिणाम असावा असें कोणी म्हणतात. तर्क गोड आहे. त्याहून अधिक आम्ही म्हणत नाहीं.

"मग तीं सांपडलीं?" दादांनीं विचारलें. ते ऐकत होते याची खात्री झाली.

१८७५ सालीं फ्रान्समध्यें लेकॉक द ब्वाबोद्राँ यांना जस्ताच्या एका खनिजांत नवा धातु सांपडला. त्याचें नांव त्यांनीं गॅलियम ठेविलें. त्याची घनता त्यांनीं मोजली ती ४.७ आली. मेंडेलीव्ह यांचें म्हणणें असें कीं हेंच आमचें एका-ॲल्युमिनियम, आणि त्याची घनता ५.९ च्या आसपास असली पाहिजे. नमुना पुन्हां शुद्ध करून मोजा. विचार करा, ज्याच्या हातांत धातूचा कण आहे त्याला, ज्यानें तो कधीं पाहिलाही नाहीं असा मनुष्य सांगतो कीं तुमची मोजणी चुकली. लेकॉक यांनीं नमुना शुद्ध केला, पुन्हां मोजला, आणि घनता ५.९ निघाली. हा धातु लवकर वितळेल असेंही भाकित होतें. तो सुमारे ३० अंशांवर वितळतो. आष्टीच्या वैशाखांत वाटींत ठेवला तर तुपासारखा पातळ होईल. १८७९ त स्वीडनच्या निल्सन यांना स्कँडियम सांपडलें, तें एका-बोरॉन. १८८६ त जर्मनींत विंक्लर यांना जर्मेनियम सांपडलें, तें एका-सिलिकॉन. त्याचा अणुभार ७२ सांगितला होता, तो ७२.६ निघाला, घनता ५.५ सांगितली होती, ती ५.३ निघाली, त्याचें क्लोराइड शंभर अंशांच्या आंतच उकळेल असें म्हटलें होतें, तें ८६ अंशांवर उकळलें.

येथें आम्हीं ओट्याच्या पायरीवर हात टेकला आणि तिला म्हटलें कीं हीं तिन्ही या दगडांत आहेत. आधीं तिला ती थट्टा वाटली. परंतु ही गोष्ट खरी आहे. आपल्या काळ्या पाषाणांत सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोह, कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचा भरणा मोठा. ॲल्युमिनियमच्या जागीं कोठें कोठें गॅलियम बसतें, सिलिकॉनच्या जागीं क्वचित् जर्मेनियम, आणि लोह-मॅग्नेशियमच्या सोबतीनें स्कँडियम. अशा एक टन दगडांत गॅलियम सुमारे वीस ग्रॅम, स्कँडियम तीस ग्रॅमच्या आसपास, जर्मेनियम जेमतेम दीड ग्रॅम. तीं इतकीं दिवस लपून राहिलीं तीं याच कारणानें. एकाच रांगेंतील मूलद्रव्यांच्या अणूंत अगदीं बाहेरच्या कक्षेंतील इलेक्ट्रॉनांची संख्या सारखी असते, म्हणून त्यांचें वागणें सारखें. आणि ज्याचें वागणें शेजाऱ्यासारखें तो शेजाऱ्याच्या घरांत सहज खपून जातो. मामी म्हणाल्या, "म्हणजे आपण पिढ्यान्‌पिढ्या त्यावर पाय धुतोय म्हणा कीं."

त्या रात्रीं मुलीच्या खोलींतला दिवा बराच वेळ जळत होता. सकाळीं तिनें वही आणून दाखविली. जर्मेनियमचें घर तिनें बोटानें झांकलें होतें, आणि वरचें सिलिकॉन, खालचें कथील, डावीकडचें गॅलियम व उजवीकडचें आर्सेनिक या चौघांची सरासरी काढली होती. अणुभार २८.१, ११८.७, ६९.७ व ७४.९, सरासरी ७२.८५, खरा ७२.६३. घनता २.३३, ७.२९, ५.९१ व ५.७३, सरासरी सुमारें ५.३२, आणि खरी घनताही ५.३२. तिचा आनंद पाहण्यासारखा होता. मेंडेलीव्ह यांना १८७१ त गॅलियमचा आंकडा हातीं नव्हता, तेव्हां त्यांची वाट हिच्याहून बिकट होती, हें आम्हीं तिला सांगितलें. पण रीत हीच.

"पण वितळण्याचं जमलं नाहीं," ती म्हणाली. सिलिकॉन १४१४ अंशांवर वितळतें, कथील २३२ वर, गॅलियम ३० वर, आणि आर्सेनिक तर वितळण्यापूर्वींच ६१५ अंशांवर वाफ होऊन जातें. सरासरी आली ५७३. जर्मेनियम वितळतें ९३८ अंशांवर. अणुभार व घनता यांत चौघे शेजारी एका सुरांत बोलतात. वितळण्याच्या बाबतींत प्रत्येकाच्या स्फटिकाची बांधणी निराळी, म्हणून सूर जुळत नाहीं. जर्मेनियमची बांधणी सिलिकॉनसारखी, हिऱ्याच्या धर्तीची. गॅलियमची व आपल्या नेहमींच्या कथलाची तशी नाहीं. कोष्टक सारेंच सांगतें असें नव्हे. कोणती गोष्ट शेजाऱ्यांवरून ठरते आणि कोणती नाहीं, हें ओळखणें ही निराळी विद्या आहे, आणि आम्हांस वाटतें ती अधिक कठीण आहे.

दादा आतां उघडपणें वादांत उतरले. म्हणाले, "तुमचा मेंडेलीव्ह चुकला नाहीं कधीं? कीं जमलं तेवढंच पुस्तकांत छापतात?"

हा प्रश्न आम्हांस फार आवडला, आणि त्याचें उत्तर देण्यास दूर जावें लागत नाहीं. आष्टीच्या जवळजवळ सरळ दक्षिणेस साठ-एक किलोमीटरांवर, करमाळा तालुक्यांत, जेऊर म्हणून रेल्वेचें स्टेशन आहे. २२ जानेवारी १८९८ रोजीं खग्रास सूर्यग्रहण झालें, तेव्हां तें पाहण्यास अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन या जेऊरास आले होते. पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनींही तेथेंच ठाणें दिलें होतें. आणि नॉर्मन लॉकियर त्याच ग्रहणासाठीं कोंकणांत विजयदुर्गास उतरले होते.

हे सारे सूर्याच्या कडेच्या प्रकाशांतील रंगीत रेषा टिपावयास आले होते. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठराविक. रेषांवरून द्रव्य ओळखावें, जसें चालीवरून माणूस. १८६८ च्या ग्रहणानंतर एक पिवळी रेषा अशी निघाली कीं ती पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात द्रव्याची नव्हती. लॉकियर यांनीं ती नव्या मूलद्रव्याची ठरविली व त्याला हेलियम हें नांव पडलें. पुढच्याच वर्षीं, १८६९ च्या ग्रहणांत, सूर्याच्या प्रभामंडळांत एक हिरवी रेषा दिसली. तिच्या द्रव्यास कोरोनियम म्हणूं लागले. दोघांचीही केवळ नांवें होतीं, वस्तु कोणी पाहिली नव्हती. पैकीं हेलियम १८९५ त रॅम्से यांना एका युरेनियमयुक्त खनिजांत सांपडलें, आणि आदल्या वर्षींच्या आर्गॉनशीं त्याची जोडी जमून कोष्टकास एक सबंध नवी रांग लागली. ही रांग मेंडेलीव्ह यांच्या ध्यानीं मनीं नव्हती! परंतु रांग मिळतांच रॅम्से यांनीं मेंडेलीव्ह यांचीच युक्ति वापरली. हेलियमचा अणुभार ४, आर्गॉनचा ४०. मध्यें विसाच्या सुमाराचा एक वायु असला पाहिजे, असें त्यांनीं १८९७ त टोरांटोच्या सभेंत सांगितलें. जेऊरच्या ग्रहणाच्याच वर्षीं, १८९८ त, त्यांनीं व ट्रॅव्हर्स यांनीं हवेंतून तो काढला. तोच निऑन, अणुभार २०.२. हे ट्रॅव्हर्स पुढें बंगळूरच्या, टाटांच्या देणगींतून झालेल्या, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे पहिले संचालक झाले.

कोरोनियमचें मात्र कांहीं केल्या जुळेना. उतारवयांत मेंडेलीव्ह यांनीं त्याला हायड्रोजनहून हलकें मानून कोष्टकाच्या माथ्यावर जागा दिली. ती चूक होती. १९१३ त इंग्लंडांत मोझली यांनीं क्ष-किरणांवरून प्रत्येक मूलद्रव्याचा अनुक्रमांक मोजण्याची रीत काढली, आणि कोष्टकांत घरें नेमकीं किती तें ठरलें. हायड्रोजनच्या आधीं घर नाहींच. टेल्युरियमचा अणुभार आयोडीनपेक्षां कमी असलाच पाहिजे, हाही मेंडेलीव्ह यांचा हट्ट याच शोधानें निकालांत निघाला. टेल्युरियमची जागा त्यांनीं बरोबर दिली होती, कारण तेवढें चुकीचें होतें. मग ती हिरवी रेषा कोणाची? तिचा उलगडा १९३९ ते १९४२ या काळांत ग्रोट्रियन व एडलेन यांनीं केला. प्रभामंडळाची उष्णता दहा लाख अंशांहूनही अधिक, आणि त्या आंचेंत तेरा इलेक्ट्रॉन गमावून बसलेलें लोह ती रेषा पाडतें. ज्याला सत्तर वर्षें स्वर्गीय द्रव्य म्हणून नांव दिलें तें लोखंड निघालें. दादांच्या विहिरीच्या दगडांत शेंकडा आठ-दहा भाग असतें तेंच.

दादा कांहीं वेळ बोलले नाहींत. मग नातीस म्हणाले, "म्हणजे चुकला, पण चुकला हें कळलं तरी."

"कारण त्यानं आंकडा लिहून ठेवला होता," ती म्हणाली. "आपल्या पाणाड्यानं लिहिला होता का?"

गुरुवारीं दिवसभर ती व तिचे वडील शेजारच्या शिवारांत हिंडले. बारा विहिरी व बोअर त्यांनीं पाहिल्या; प्रत्येकीची खोली, मांजऱ्या कोठें लागला, पाषाण कोठें, पाणी किती फुटांवर, हें विचारून कागदावर मांडलें, आणि दादांच्या मळ्याचें घर मध्यें रिकामें ठेवलें. आम्हीं तिला बजावलें कीं बेटा, हें वितळण्याच्या आंकड्यासारखें प्रकरण आहे. दगडाचे थर पुष्कळसे आडवे जातात, तेवढ्यापुरते शेजारी खरें बोलतील. पण भेग कोठें वळेल त्याला नेम नाहीं, दहा पावलांवर पाणी असतें आणि नसतें. तिच्या वडिलांचें म्हणणें असें पडलें कीं राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षणाच्या विहिरींतील पाण्याची पातळी नियमानें मोजते, तिच्या माणसांचा सल्ला घेतल्यावांचून भोंक पाडूंच नये. दादांनीं त्यास हो म्हटलें, पण शुक्रवारचा पाणाड्याही रद्द केला नाहीं.

तो आला, नारळ घेऊन फिरला. त्याची खूण आणि मुलीच्या कागदावरची जागा यांत चाळीस पावलांचें अंतर पडलें. तेव्हां मामींनीं ओट्यावरून हांक मारली आणि त्याला विचारलें, "किती फुटांवर लागेल? आंकडा सांग, पोर लिहून घेईल. आणि तूं सही कर." तो गृहस्थ जरा चपापला, पण म्हातारीपुढें नाहीं म्हणवेना. त्यानें एकशें ऐंशीं सांगितले आणि सही केली. मुलीनें आपला आंकडा लिहिला, तिच्या वडिलांनीं आपला, आणि सर्वांच्या शेवटीं दादांनींही. कागद दिनदर्शिकेच्या खिळ्याला अडकविला.

शनिवारीं दुपारच्या गाडीनें आम्ही परतलों. बोअरचें यंत्र त्या वेळेपर्यंत आलें नव्हतें.